शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस

"उल्का, हे कुत्र्यांचं औषध दुधाशेजारी कुणी ठेवलं?"

सासूबाई फ्रिजसमोर उभ्या होत्या. सोवळ्याची साडी, हातात पुरणाचा डबा, आणि डबा ठेवायला आत जागा नाही.

"यांनी ठेवलंय, आई. शिबिराच्या लसी आहेत. पन्नास."

"पन्नास असोत नाहीतर पाचशे. उद्या गौरी जेवायच्या आहेत. इथं पुरण, इथं पंचामृत, आणि मधोमध कुत्र्यांच्या सुया?"

"सुया नाहीत त्यात. नुसत्या बाटल्या. बंद आहेत."

"बाटली बंद असली म्हणून दारूचं तीर्थ होत नाही."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"बाहेर ठेवल्या तर खराब होतात, आई. थंडच लागतात त्यांना."

सासूबाईंनी वर पाहिलं. आमचा फ्रिज दोन दारांचा होता. वरचं लहान दार बर्फाच्या खणाचं.

"त्याचं दार वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "तिथं ठेव. देवाच्या अन्नाला विटाळ नको आणि तुझ्या नवऱ्याच्या बाटल्याही थंड राहतील. उलट जास्तच थंड."

मी खोकं वर सरकवलं. तिथं मागच्या माघातला मटार पिशवीत होता, अजून हिरवागार. शेजारी खवलेलं खोबरं. गोठलं की टिकतं, हे कुठल्याही स्वयंपाकघरात कळतं. खोकं नीट बसलं. दार लागलं. दोघांचंही मन राखलं गेलं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

इथपर्यंत कुणाचंच काही चुकलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलं आहे.

*

गौरींचे तीन दिवस माझ्या नवऱ्याला, श्रीरंगांना, स्वयंपाकघराचा उंबरा बंद. दिवसभर कुत्र्यामांजरांच्या तोंडात हात घालणारा माणूस. सासूबाई त्यांना पाणीसुद्धा बाहेर नेऊन द्यायच्या. पण लसींच्या तापमानाची वही ते रोज भरायचे, सकाळ-संध्याकाळ. मग उंबऱ्याबाहेरूनच हाक यायची.

"उल्का, किती?"

मी खालचं दार उघडायची. थर्मामीटर तिथंच टांगलेला होता.

"चार!"

"शाब्बास."

वहीत चार लिहिलं जायचं. सहा वेळा विचारलं, सहा वेळा चारच होतं. मी एकदाही खोटं बोलले नाही.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी खोकं खाली आणलं. बाटल्यांवर पांढरं दहिवर धरलं होतं. ते वितळल्यावर मी एकेक बाटली पदरानं पुसली. ओल राहिली तर वरची नावाची चिकटपट्टी सुटेल, म्हणून. पन्नास बाटल्या पुसायला अर्धा तास लागला.

*

आम्ही कऱ्हाडला येऊन चार वर्षं झाली होती. खाली दवाखाना, वर घर. त्या जूनमध्ये पलीकडच्या आळीतला एक माणूस त्याच्याच पाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यानं गेला. श्रीरंग त्या घरी जाऊन आले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं: पेठेतल्या प्रत्येक पाळीव कुत्र्याला लस, एका दिवसात, फुकट. मंडळाच्या पोरांनी मंडप दिला. विसर्जनानंतर मंडप दोन दिवस उभाच असतो. कधी त्यात रक्तदान होतं, कधी डोळे तपासतात. त्या वर्षी कुत्री आली.

मी टेबलावर होते. कार्डावर नाव लिहायचं, तारीख घालायची, आणि वापरलेल्या बाटलीवरची छापील पट्टी सोलून कार्डावर चिकटवायची. ती पट्टी म्हणजे पुरावा. या कुत्र्याला, या दिवशी, ही लस.

रांगेत इंदूकाकू होत्या. इंदुमती जंगम. आमच्या मागच्या बोळात एकट्या राहायच्या, ब्लाउज शिवायच्या. मुलगी गडहिंग्लजला दिलेली. कऱ्हाडात मला मैत्रीण म्हणावी अशी ती एकच बाई, आणि ती माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठी.

"ए बाई, याचं नाव सरदार लिही. मोठ्या अक्षरात. शाळेत घालायचं राहून गेलं त्याला, निदान सुईच्या वहीत तरी नाव असू दे."

"वय काय, काकू?"

"माझं का त्याचं?"

"त्याचं."

"तीन धर. माझं इचारू नको, लोकं ऐकत्यात."

"रंग?"

"उन्हात तांबडा. घरात शिरताना चोरासारखा."

मागून श्रीरंग ओरडले, "काकू, या लवकर. आणि तोंड घट्ट धरा."

"त्याचं व्हय? माझंच धरवत न्हाई मला."

रांग हसली. थोड्या वेळात त्या परत टेबलाशी आल्या, मी पट्टी लावली, कार्ड त्यांच्या हातात दिलं.

नाव: सरदार. जात: गावठी. रंग: तांबडा. मालक: श्रीमती इंदुमती जंगम. लस: रेबीज, पहिला डोस. पुढची तारीख: एक महिन्यानं. त्यानंतर दर वर्षी.

एकोणिसावा नंबर.

पंचविसाव्या कुत्र्यानंतर श्रीरंगांनी पाणी प्यायला म्हणून थांबून लोकांना दोन शब्द सांगितले. घरच्या कुत्र्याला काही होत नाही असं समजू नका. चावलं तर हळद-चुना लावू नका, साबणानं धुवा, दवाखाना गाठा. मग कुणीतरी विचारलं, "डाक्टर, पुढच्या खेपेला लस आणून मी घरीच ठेवली, मग तुम्हाला बोलावलं, तर चालंल का?"

"चालेल. पण फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बर्फाच्या खणात कधी नाही."

"का वो? तिथं जास्त थंड."

"तेच तर. ही लस एकदा गोठली की गेली. मग वितळवली तरी दिसायला तशीच दिसते, टोचता येते, कुत्रं ओरडतंसुद्धा. पण उपयोग पाण्याइतका. लस म्हणजे आइस्क्रीम नाही."

लोक हसले.

माझ्या बोटावर पंचविसाव्या बाटलीची पट्टी चिकटलेली होती.

मी काय करायला हवं होतं ते सांगणं सोपं आहे. उठायचं, चार पावलं चालायचं, त्यांच्या कानाशी लागायचं, थांबा म्हणायचं. मी उठलेसुद्धा. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांनी श्रीरंगांच्या गळ्यात हार घातला. चार वर्षं ज्यांना लोक "ते कुत्र्यांचे" म्हणून ओळखायचे त्यांना हार. त्यांनी गर्दीत माझ्याकडे पाहिलं, लहान मुलासारखं, पाहिलंस ना अशा चेहऱ्यानं.

मी बसले.

पंचविसावं कार्ड. सव्विसावं. सत्ताविसावं. त्रेचाळीसपर्यंत.

उरलेल्या सात बाटल्या मी घरी आणल्या आणि मोरीत फोडल्या. संध्याकाळी श्रीरंगांना म्हणाले, "हातातून खोकं पडलं हो."

"सातच्या सात?"

"सातच्या सात."

"धन्य आहेस," ते म्हणाले आणि मला जवळ घेतलं.

*

मी काहीच केलं नाही असं नाही.

मी म्हणाले, "महिन्यानं बूस्टर लागतो ना? त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कुत्र्यांना देऊ. मी घरोघरी जाऊन बोलावते."

"तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं," ते म्हणाले.

नवीन लसी आल्या. त्यांना मी स्वतः खालच्या कप्प्यात ठेवलं आणि दिवसातून दहा वेळा दार उघडून पाहिलं. महिनाभर मी बोळ तुडवले. कुणाला घाबरवलं, कुणाच्या पाया पडले, एकाचं कुत्रं स्वतः ओढत आणलं. बेचाळीस झाली.

इंदूकाकू मुलीच्या बाळंतपणाला गडहिंग्लजला होत्या. आल्या तेव्हा दिवाळी तोंडावर होती आणि मशीनवर ब्लाउजांचा ढीग.

"येते गं. दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली.

"तुळशीचं लगीन होऊ दे."

मार्गशीर्षात सरदार आठ दिवस गायब झाला. परत आला तेव्हा नाकावर फाटलेली जखम होती. इंदूकाकूंनी त्यात हळद भरली. मी श्रीरंगांना म्हणाले, "तुम्हीच जा ना तिच्याकडे. सरदारचा बूस्टर राहिलाय."

"अगं, पहिला डोस आहे ना त्याला. नव्या कुत्र्याला चार-सहा महिने तो पुरतो. जाऊ रविवारी."

त्या रविवारी एका गाईचं वासरू अडलं. पुढच्या रविवारी ते सांगलीला. तिसऱ्या रविवारचं मला आठवत नाही.

*

दिवस शून्य

संक्रांतीनंतरचा दुसरा दिवस. सकाळी अकराला इंदूकाकू सरदारला घेऊन दवाखान्यात आल्या. त्याच्या खालचा जबडा लोंबत होता. लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती.

"हाड अडकलंय घशात," त्या म्हणाल्या. "दोन दिस खात न्हाई. भुंकतोय बी असा, कोंबडं आरवल्यासारखा. मी हात घालून चाचपलं, घावलं न्हाई काही."

त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना अस्तराची चिंधी गुंडाळलेली होती.

श्रीरंग एक पाऊल मागं गेले. त्यांनी हातमोजे चढवले.

"चावला?"

"चावतोय कसला. दात लागला. मी कोपरापतोर हात घातल्यावर त्यानं काय तोंड उघडं ठेवून आरती म्हणायची?"

"कार्ड आणलंय?"

इंदूकाकूंनी प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. श्रीरंगांनी पट्टी वाचली. तारीख वाचली. बोटांवर महिने मोजले. आणि मी पाहिलं, त्यांचे खांदे खाली आले.

"चार महिने. मी स्वतः टोचलीय. मग ते नाही."

"ते म्हंजे?"

"नाही काकू, ते नाही. हा डिस्टेंपर दिसतोय. कुत्र्यांचा ताप, मेंदूत चढतो. त्याची लस आपण दिली नव्हती. तो माणसाला होत नाही." मग त्यांनी सरदारकडे पुन्हा पाहिलं. "याचं मात्र कठीण आहे. बांधून ठेवा. जवळ जाऊ नका, तोंडात हात तर मुळीच घालू नका. आणि तरीसुद्धा सरकारी दवाखान्यात सुया घेऊन टाका. पाच असतात. पहिली आज, तो दिवस शून्य. मग तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या."

"पाच? दंड सुजला की मशीन बंद. लग्नाचे ब्लाउज आल्यात."

"बघा. सांगणं माझं काम."

छत्री घेऊन जा, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. कार्ड अजून त्यांच्या हातात होतं.

मी इंदूकाकूंना नळाखाली नेलं. चिंधी सोडली. बोटाच्या पेरावर दोन ओरखडे होते, लहान, रक्तसुद्धा वाळलेलं. मी साबण लावला. धुतलं. पुन्हा साबण लावला. पाव तास.

"अगं, सोलतीस का काय मला!"

ते वाक्य लहान होतं. त्या लसी मी गोठवल्या होत्या. पाच शब्द. श्रीरंग पलीकडच्या खोलीत हात धूत होते. इंदूकाकूंचा हात माझ्या हातात होता.

मी म्हणाले, "सुया घ्या, काकू."

"बघू," त्या म्हणाल्या.

दिवस तीन

सरदार आदल्या दिवशी गेला होता. त्यांनी त्याला परसात शेवग्याखाली पुरलं होतं. मी गेले तेव्हा त्या मशीनवर होत्या, डोळे सुजलेले, पाय चालू.

"काकू, चला. मी येते तुमच्याबरोबर दवाखान्यात. रिक्षा थांबवलीय."

"कशाला? त्यो रोग न्हवं म्हणाला की तुझा नवरा."

"तरी पण."

"तरी पण काय? डाक्टर खोटं बोलला व्हय?"

"नाही. लस... कधी कधी लागू पडत नाही, काकू."

"मग टोचता कशाला गं लोकांच्या कुत्र्यास्नी?" त्या हसल्या, मग हसता हसता त्यांना रडू आलं. "सरदारला बी गप उभं केलं मी. त्याला काय कळतंय. माझ्यावर इस्वास ठेवून उभा ऱ्हायला."

मी मशीनच्या कडेला हात टेकून उभी राहिले. त्यांनी पाय थांबवले. चाक थांबलं. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय झालंय, उल्का? काहीतरी हाय तुझ्या पोटात. सांग की."

मी इथं तीन वेगवेगळी वाक्यं लिहिली आणि तिन्ही खोडली. ती चांगली होती. त्यांतलं एकही मी त्या दिवशी म्हणाले नाही.

मी म्हणाले, "काही नाही."

"मग बस. चहा टाकते."

चहा प्यायला. रिक्षा परत पाठवली.

दिवस सात

शिबिरात सांगितलं असतं तर ती चूक होती. सरदार दवाखान्यात आला तेव्हा सांगितलं असतं तर लाज होती. सातव्या दिवशीही गप्प राहण्याला काय म्हणतात ते मला माहीत होतं, आणि म्हणून मी ठरवून गेले की आज सांगायचंच.

दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "नातवाचं जावळ हाय. गडहिंग्लजला गेल्या."

दिवस चौदा

मुलीच्या घरचा फोन नंबर माझ्या वहीत होता. मी तो दोनदा फिरवला. दुसऱ्यांदा उचलला गेला.

"आई मजेत हाय," मुलगी म्हणाली. "देऊ का?"

मी फोन ठेवला.

दिवस अठ्ठावीस

इंदूकाकू परत आल्या. माझ्यासाठी संकेश्वरी मिरच्या आणल्या होत्या. "जपून घाल. गेल्या खेपेला तुझी सासू नाकातून रडत होती." नातवाचं डोकं नारळासारखं दिसतं म्हणाल्या. चेहरा तजेलदार, हात नीट. ओरखड्यांच्या जागी दोन पांढऱ्या रेघा.

अठ्ठाविसावा दिवस शेवटच्या सुईचा. रोगाचा शेवटचा नव्हे. डॉक्टरांची बायको म्हणून हे मला माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी मी देवापुढं साखर ठेवली. सासूबाईंनी विचारलं, "आज काय?" मी म्हणाले, "सहज."

दिवस एकेचाळीस

हा दिवस सुयांच्या तक्त्यात नाही.

दुपारी चारला त्या माझा ब्लाउज द्यायला वर आल्या. घडी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "गळ्याला जरा तिरपं झालंय. हाताला मुंग्या येतात गं. बोटापासनं वर, कोपरापतोर. रात्री तर आग आग."

"कधीपासून?"

"परवापास्नं. मशीनचा हात. वय झालं."

सासूबाईंनी चहा आणला. इंदूकाकूंनी कप उचलला, ओठांजवळ नेला, आणि त्यांची मान मागं गेली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. कप बशीवर आपटला.

"गरम असेल," सासूबाई म्हणाल्या.

"न्हाई. कोमट हाय." इंदूकाकू हसल्या. "काय गं हे. चहाला भ्यायला लागले मी."

त्यांनी पुन्हा कप उचलला. हात मधेच थांबला. त्या कपाकडे पाहत राहिल्या, एखाद्या माणसानं दार उघडावं आणि आत भलतंच कुणी उभं असावं, तसं.

श्रीरंग जिना चढून वर येत होते. ते दारात थांबले होते. त्यांनी दोन्ही वेळा पाहिलं. तिथंच, चपलांशेजारी, खाली बसले.

*

सांगलीच्या इस्पितळात त्या तीन दिवस होत्या. खोलीला पडदे लावले होते, पंखा बंद ठेवला होता. वाऱ्याची झुळूकसुद्धा सहन होत नव्हती. शुद्ध असायची तेव्हा पूर्ण शुद्ध असायची. तेच सगळ्यात वाईट होतं. येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला त्या एकच सांगायच्या, तुटक तुटक:

"माझ्या कुत्र्याला नावं ठेवू नका. त्याला लस होती. कार्ड हाय."

मुलगी ते कार्ड घेऊन खोलीबाहेर उभी असायची. ज्याला त्याला दाखवायची. मलाही दाखवलं. "बघा ना वहिनी, तुमचंच अक्षर हाय न्हवं का हे?"

"हो," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

*

श्रीरंगांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्या खेपेच्या लसीबद्दल इतर कुठूनही तक्रार नाही. त्यांनी तापमानाची वही काढली: चार, चार, चार. मग ते त्रेचाळीस घरांची यादी घेऊन बसले आणि एकेका घरी जाऊन आले. बेचाळीस कुत्री ठणठणीत.

"लस वाईट असती तर आणखी एक तरी गेलं असतं," ते म्हणाले. "बेचाळीस नीट. एकच गेला. म्हणजे लस नीट होती. माझा हात चुकला."

ती बेचाळीस मी नीट केली होती. महिनाभर बोळ तुडवून. त्यांच्या निर्दोष लसीचा पुरावा मी स्वतः घरोघरी फिरून तयार केला होता.

सासूबाईंनी मला एकदाच विचारलं. मी भाजी निवडत होते. त्या समोर बसल्या होत्या, हात मांडीवर, रिकामे.

"उल्का, ते आपण वर ठेवलं होतं... त्यानं तर काही..."

"नाही, आई. त्यानं काही होत नाही."

"नक्की ना गं?"

"नक्की."

त्यांनी मेथीची जुडी ओढली आणि पानं खुडायला लागल्या. पुढं सात वर्षं जगल्या. पण पुढच्याच गौरींपासून त्यांनी सोवळं नेसणं सोडलं. का, ते मी विचारलं नाही.

श्रीरंगांनी दोन वर्षांत दवाखाना बंद केला. सुई धरताना हात थरथरायचा. लोकांना वाटलं काही आजार आहे. पशुखाद्याच्या कंपनीत ते फिरतीवर लागले. शेतकऱ्यांना पेंडीची पोती समजावून सांगायचे. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचे.

*

सतरा वर्षं झाली. गेल्या फाल्गुनातली गोष्ट. दुपारचं जेवण झालं होतं. ते आता कुठं जात नाहीत, सोफ्यावर बसतात. मी ताटं आवरत होते.

"उल्का."

"काय हो?"

"तू टेबलावर होतीस त्या दिवशी. तुला दिसत होतं. सरदार हलला होता का गं, सुई टोचताना?"

सतरा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"आता कशाला ते?"

"मला आठवत नाही. खूप आठवून बघतो. कधी वाटतं, सुई नीट कातडीखाली गेली. कधी वाटतं, पलीकडून बाहेर आली आणि औषध केसांवर सांडलं. तो हलला असेल तर तसंच झालं असणार. मग निदान कळेल तरी." त्यांनी उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. हात हलत होता. "नुसतं कळायला हवंय मला. दुसरं काही नाही."

सरदार हलला नव्हता. इंदूकाकूंनी त्याचं डोकं पोटाशी धरलं होतं, त्याच्या कानात काहीतरी बडबडत होत्या, आणि तो वर त्यांच्याकडे पाहत होता. सुई कधी गेली, कधी आली, त्याला कळलंही नाही. श्रीरंगांचा हात त्या दिवशी जितका स्थिर होता तितका स्थिर हात मी नंतर कुणाचाच पाहिला नाही.

ताटं माझ्या हातात होती.

"हो," मी म्हणाले. "हलला होता."

त्यांनी डोळे मिटले. हात हळूहळू मांडीवर आला.

"तू तेव्हाच सांगायला हवं होतंस," ते म्हणाले. रागानं नाही.